साफ पाण्याचा दिवस

मार्च लागला की माझं डोकं फिरतं. सोलापूरचं ऊन आहेच, पण सगळा दोष उन्हावर ढकलून मला सुटता येणार नाही. दहावीच्या परीक्षा सुरू होतात, सात रस्त्याजवळच्या एका शाळेत मला सुपरव्हिजनची ड्युटी लागते, आणि त्या शाळेच्या फाटकासमोर एक बाई टोपलीत विलायती चिंचा घेऊन बसते. वेटोळ्या, उकललेल्या, आतला पांढरा-गुलाबी गर दाखवणाऱ्या. पालक उन्हात उभे राहून त्या खातात आणि काळ्या बिया शाळेच्या भिंतीकडे थुंकतात. परवा एका गृहस्थांनी माझ्यापुढे एक चिंच धरली. म्हणाले, "घ्या मॅडम, लहानपण आठवेल." मी म्हटलं, "मला नाही आठवायचं." त्यांचा हात तसाच राहिला आणि मी आत गेले.

मला लहानपणाचे गोडवे गाणाऱ्या माणसांचा राग येतो. आमच्या जुन्या शाळेचा एक ग्रुप आहे, 'सातवी ब' नावाचा. त्यावर रोज सकाळी कुणीतरी विटीदांडूचं चित्र टाकतं आणि खाली लिहितं, आपल्या वेळी मोबाइल नव्हते, पण माणसं होती. होती ना. त्यातलीच काही माणसं आपल्याला ओल्या फोकानं पोटऱ्यांवर मारत होती, हे कुणी लिहीत नाही. आपण एकमेकांशी काय काय वागलो, हे तर कुणीच लिहीत नाही. मी एकदा फोकाचं तेवढं लिहिलं. तासाभरानं एकानं फुलांचा गुच्छ पाठवला आणि सगळे पुन्हा विटीदांडूकडे वळले.

मला एक खोड आहे. कुणाच्याही घरी पाणी दिलं की मी पेला आधी नाकाशी नेते. वास बघते आणि मग पिते. माझ्या नणंदेनं यावरून दोन वर्षं अबोला धरला होता. "आमच्या घरचं पाणी वास मारतं का?" असं तिनं भर जेवणात विचारलं. तिला काय सांगणार? लग्नात, हॉटेलात, मयताच्या घरीसुद्धा माझा हात आपोआप वर जातो. नवऱ्यानं आता नाद सोडलाय. ही खोड ज्या जागेनं लावली त्या जागेबद्दल मी कधी कुणाला धड सांगितलेलं नाही.

आमचं घर पूर्व भागात होतं, मागांच्या खडखडाटात. गल्लीच्या शेवटी टॉवेलांचं सूत रंगवणारी एक डाईंग होती. वडील तिथं कामाला. डाईंगच्या मागे बंद पडलेल्या गिरणीची भिंत, आणि भिंत व डाईंग यांच्या मधून वाहणारा ओढा. ओढा हे नाव त्याला शोभत नव्हतं. पाणी होतं ते डाईंगनं सोडलेलं, तेवढंच. पण त्या पाण्यावर वेडी बाभूळ माजली होती, घाणेरी माजली होती, आणि गिरणीची भिंत जिथं खचली होती तिथून गुडघ्यांवर रांगत आत गेलं की काटेरी जाळीच्या पोटात एक मोकळी जागा लागायची. मधोमध विलायती चिंचेचं झाड. चार मुली मांडी घालून बसतील एवढी सावली.

रम्य वगैरे काही नव्हतं तिथं. शिरताना पाठ सोलवटून निघायची. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार यायचा आणि मोडून आत राहिला की आठवडाभर ठणकायचा. गांधीलमाश्यांचं पोळं होतं, मुंगसं होती, आणि मुंगसं होती म्हणजे सापही असणार असं आम्ही धरून चाललो होतो. दुपारी वारा पडला की रंगाच्या पाण्याची वाफ नाकात बसायची. चिंचेच्या फांद्यांनाही काटे होते. त्या झाडानं एकही चिंच आम्हाला सुखासुखी दिली नाही. तरी शाळा सुटली की आम्ही तिकडेच पळायचो, कारण त्या जागी कुठलंही मोठं माणूस मावत नव्हतं.

जागा पद्मानं शोधली होती. पद्मा माझ्या वर्गात, माझ्या बाकावर. तिच्या घरी तेलुगू बोलायचे. वडील मागावर, आई बिडी वळायची, आणि सातवीतली पद्माही बिडी वळायची. गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या मुली वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. पद्माची बोटं सुपात चालायची तेव्हा ती तोंडानं सनावळ्या पाठ करायची. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की दुपारभर घरात पत्र्याखाली भाजून निघण्यापेक्षा ती सूप घेऊन जाळीत यायची. आई विचारायची तेव्हा सांगायची, "मैत्रिणीकडं बसती की." पानं-तंबाखूचं गाठोडं पुढं ढकलत, सूप डोक्यावर पालथं घालून ती रांगत आत शिरायची. तिच्या पाठीला काटे लागायचे, पण तिच्या डोक्याला कधी लागले नाहीत.

तिनंच त्या जागेचं नाव माहेर ठेवलं होतं. "हितं कुणी ऊठ म्हनत न्हाय," ती म्हणायची. दिवसाचं काम तिथं लवकर उरकायचं आणि मग खेळायचं, हा तिचा नियम होता. मी बिडी वळत नव्हते. माझ्या वडिलांचा हट्ट होता की मुलीनं तंबाखूला हात लावायचा नाही. मी तिची पानं कापून द्यायचे, म्हणजे तिला लवकर खेळता यायचं. मग सागरगोटे, काट्यांच्या भिंतींचं घर-घर, आणि झाडावर चढून चिंचा काढणं. पहिली चिंच कुणी खायची हे मात्र ओढा ठरवायचा.

तो आमचा सगळ्यात मोठा खेळ. ओढ्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं यायचं. डाईंगमध्ये मरून सूत असेल तर मरून, हिरवं असेल तर हिरवं. दुपारी तीनच्या सुमाराला हौद सोडायचे. त्याआधी आम्ही पैज लावायचो. ज्या मुलीचा रंग बरोबर येईल तिची पहिली चिंच. मी नेहमी जिंकायचे. पद्माला वाटायचं नंदाला नशिबाची साथ आहे. मी सकाळी वडिलांना विचारून यायचे, "आज कुठला रंग?" आणि ते कौतुकानं सांगायचे. लेकीला आपल्या कामाची आवड आहे असं त्यांना वाटत असणार. म्हणजे त्या पहिल्या चिंचा मी चोरून खाल्ल्या. एकाही चिंचेच्या वेळी मला लाज वाटली नव्हती, हेही लिहून टाकते.

वडिलांच्या हातांना कायम कसला ना कसला रंग असायचा. जेवताना भाकरीला रंग लागू नये म्हणून ते तीन बोटांनीच जेवायचे. ओढ्याकडे मी जाते हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं, पण त्यांनी आईला सांगितलं नाही. मला एवढंच बजावलं होतं, "नंदे, रंगाच्या पान्याला भिऊ नगं, ते लांबनं दिसतंय. वढा साफ दिसला की मातर हात घालायचा न्हाय. त्या दिवशी ब्लीच सुटल्यालं असतंय. सूत पांढरं करायचं पानी ते, कातडी सोलवटतंय." हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मला पाठ होतं.

आता त्या ओढ्यावर स्लॅब आहे. डाईंग गेली, तिथं चार मजली इमारत झाली, आणि योगायोग बघा, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मीच राहते. गिरणीच्या भिंतीकडची पट्टी तेवढी अजून कुणाच्या तरी भांडणात अडकून पडलीय, त्यामुळे वेडी बाभूळ अजून माजलेलीच आहे. इमारतीतल्या मुली तिच्यात शिरतात. मला गॅलरीतून दिसतं, एकेक फ्रॉक भिंतीच्या खिंडारात गडप होतो. मी वरून ओरडते. अशी ओरडते की खालचा इस्त्रीवाला वर बघतो. मुली मला 'हिटलर आजी' म्हणतात. त्यांच्या आया मला म्हणतात, "खेळू द्या हो मॅडम, तेवढीच निसर्गात जातात." साप आहेत, काटे आहेत, असं काहीबाही मी सांगते. सापांची मला तेव्हाही भीती नव्हती आणि आताही नाही. माझी भीती वेगळी आहे. तीन-चार मुली कुणाला न सांगता एका जागी बसल्या की त्यांच्यात काय शिजू शकतं, हे मला माहीत आहे.

आमच्या सातवीच्या मार्चमध्ये पद्मानं सरोजाला माहेरी आणलं. सरोजा तिच्या चुलत्याच्या शेजारची, तिच्याच भाषेतली, तीही सूप घेऊन येणारी. मला विचारलं नाही. दोघी समोरासमोर मांडी घालून बसायच्या, चार हात भराभर चालायचे आणि तेलुगूत गप्पा चालायच्या. मी मध्ये पानं कापत बसलेली. मधूनच त्या माझ्याकडे बघायच्या आणि हसायच्या. मी विचारायचे, "काय?" पद्मा म्हणायची, "काय न्हाय गं." त्या मला हसत होत्या की नव्हत्या, देव जाणे. कदाचित वर्गातल्या एखाद्या बाईंची नक्कल करत असतील. पण तेरा वर्षांची मी ते 'काय न्हाय गं' घरी घेऊन यायचे आणि अंथरुणावर पडल्या पडल्या चघळायचे. चौथ्या दिवशी पद्मानं पहिली चिंच सरोजाला द्यायला लावली. पैज मी जिंकले होते, तरी. म्हणाली, "तू रोजच खातीस की. तिला दे आज." मी दिली. माझं पित्त त्या दिवशी जे खवळलं ते शांत झालं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी सकाळी वडिलांना विचारलं, आज कुठला रंग. ते म्हणाले, "आज रंग न्हाय. आज ब्लीच."

दुपारी मी मुद्दाम पैज लावली नाही. पद्मा एकटीच आली होती. सरोजाला ताप होता. म्हणजे ज्या मुलीचा मला राग होता ती तिथं नव्हतीच. ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा स्वतःला सांगितलीय, आणि त्यानं काहीही हलकं होत नाही. ऊन असं होतं की गोणपाट वाळून खरखरीत झालं होतं आणि पानं कडा मुडपायला लागली होती. वाळकं पान वळताना फाटतं. पद्मानं तांब्या उलटा केला, त्यातून एक थेंब पडला. घरी पाणी आणायला जावं तर आई झोपेतून उठणार आणि कुठं बसलीस म्हणून विचारणार. तेवढ्यात हौद सोडले. ओढ्यातून पाणी आलं, असं निवळशंख की तळातले खडे मोजावेत.

पद्मा म्हणाली, "आज कसं काय गं साफ?"

मी म्हटलं, "आज रंगकाम बंद हाय. नुसतं पाणी सोडलंय. चांगलं हाय."

"नक्की?"

"मला कळतंय की तुला? माझे वडील हायत तितं कामाला."

तिनं तांब्या भरला. तोंडाशी नेऊन क्षणभर थांबली, मला वाटलं पिते की काय. पण ती प्यायली नाही. तिनं ते पाणी गोणपाटावर ओतलं. दुसरा तांब्याही ओतला. मी चिंचेच्या बुंध्याला टेकून बसले होते आणि मला बरं वाटत होतं. हेच मला त्या ग्रुपवर लिहायचं असतं, माणसं होती म्हणणाऱ्यांना. त्या दुपारी मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पद्माच्या आईच्या नावावर जाणाऱ्या दोघींच्या बिड्या तपासणाऱ्यानं बाजूला काढल्या. अशा बाजूला काढलेल्या मालाला छाट म्हणतात. चार-दहा बिड्यांची छाट रोजचीच असते, त्या दिवशी सगळाच माल छाट झाला. पानांवर पांढरे चट्टे उठले होते, दोरा गुंडाळला तिथं पानं तुटत होती, आणि वास येत होता. पान आणि तंबाखू कारखान्याची. ती नासवली म्हणून तिचं काम थांबवलं, पानं देणं बंद. दुपारी मी माहेरी निघाले तर पद्माची आई भिंतीच्या खिंडाराशी उभी होती, हातात फोक. पद्मा पुढं, तिच्या पोटरीवर वळ. आई तेलुगूत ओरडत होती. मला तेलुगू कळत नाही, पण त्यातला एकेक शब्द कळला. मग ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "कुनी सांगितलं गं हिला, वढ्याचं पानी घाल म्हनून? तू हुतीस नव्हं हितं?"

मी पद्माकडे बघितलं. पद्मा म्हणाली, "कुनी न्हाय. मीच घातलं."

आईनं त्याच संध्याकाळी कुणाला तरी बोलावून खिंडारात दगड आणि बाभळीच्या फांद्या रचून घेतल्या. आम्ही परत कधी आत गेलो नाही. काम पुन्हा मिळेपर्यंत मायलेकी दुसऱ्या एका बाईच्या घरी दिवसभर तिच्या पानांवर वळायला बसायच्या. सकाळी सातला जायच्या. सातवीच्या वार्षिक परीक्षेच्या दिवसांत माझ्या बाकावरची डावी बाजू रिकामी होती. बाईंनी दोनदा नाव पुकारलं आणि मग पुकारणं सोडून दिलं. जूनमध्ये आईचं काम पुन्हा सुरू झालं, पण पद्मा शाळेत आली नाही. दोन हात जास्त असले की किती माल निघतो हे घराला कळलं होतं. सनावळ्या माझ्यापेक्षा तिला चांगल्या पाठ होत्या. मी त्या वर्षी इतिहासात पहिली आले.

मी शिक्षिका झाले. कॉपी करणाऱ्या पोरांना मी अशी पकडते की माझं नाव ऐकून वर्ग चळचळा कापतो. लोक म्हणतात कडक बाई, प्रामाणिक बाई. मी ऐकून घेते.

यंदा शेवटून दुसऱ्या पेपरच्या दिवशी माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या, म्हणून मी अर्धा तास आधी मोकळी झाले आणि फाटकाबाहेर आले. चिंचवाली होतीच. तिच्यापासून थोडी लांब, भिंतीच्या हातभर सावलीत एक बाई उकिडवी बसली होती. मी तिच्या शेजारून पुढे गेले तेव्हा मागून हाक आली.

"नंदे."

मला या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मी वळले. केस पांढरे, गालांची हाडं वर आलेली, पण बसण्याची ढब तीच, मांडीवर सूप असल्यासारखी.

"वळखलं न्हाईस व्हय? पद्मा."

तिची धाकटी आत पेपर देत होती. इतिहासाचा. पद्मा अगदी सहज बोलत होती, कुठं घर घेतलं, थोरलीला कुठं दिलं, बिडी अजून वळते, खोकल्यानं बेजार आहे. "हिला मातर सुपाला हात लावू दिला न्हाय," ती म्हणाली. "पोरगी लई हुशार हाय. तुज्यासारकी." मला तिचा संताप आला. इतकी वर्षं मी तिच्या शिव्यांची तयारी करून होते आणि ती मला हुशार म्हणत होती.

"माहेर हाय का गं आजून?" तिनं विचारलं.

"आहे. पोरी शिरतात, मी हाकलते."

"का गं? खेळू दे की." आणि ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "किती घामेजलीस. पानी पी." ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली तिनं पिशवीतून काढली, झाकण उघडून माझ्या हातात दिली.

आणि माझा हात नाकाशी गेला.

पद्मा बघत राहिली. "वास बगतीस व्हय?"

"सवय आहे."

"मला बी हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी बी बगितला हुता मी. आला हुता की वास."

"मग का घातलंस?"

"मग काय? तू म्हनलीस की, चांगलं हाय म्हनून." तिनं खांदे उडवले. "तुला तरी काय म्हाईत गं, पोरीची जात आपली. तुज्या वडलांनीच सांगितलं नसंल."

ती मला वाट काढून देत होती. खिंडाराशी एकदा दिली होती तशीच. माझे वडील जाऊन बारा वर्षं झाली आहेत, त्यांच्या डोक्यावर हे ठेवून मी निघून जाऊ शकले असते. बाटली हातात गार लागत होती.

"त्यांनी सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला माहीत होतं, पद्मे. ब्लीच आहे ते. सकाळीच माहीत होतं."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलंही नाही, थोडा वेळ तिथंच राहिलं आणि मग राहिलं नाही. तिनं हात पुढे करून माझ्या हातातली बाटली घेतली. झाकण लावलं, घट्ट पिळलं, फडकं पुन्हा गुंडाळलं आणि बाटली पिशवीत ठेवली. मी एक घोटही प्यायले नव्हते.

आत घंटा झाली. पोरांचा लोंढा फाटकातून बाहेर आला आणि त्यातून दोन वेण्यांची एक मुलगी धावत आली, बोटांना शाई, तोंडभर हसू. "आई, सगळं आलं! सनावळ्या सगळ्या आल्या!" पद्मा भिंतीला धरून उठली. माझ्याकडे न बघता तिनं बाटली काढली आणि मुलीला दिली.

"पी," ती म्हणाली. "चांगलं हाय."

मुलीनं मान वर केली आणि वास न बघता घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं.